राखून ठेवलेला डाव छापणारं बडोदं

वस्ताद शिष्याला सगळे डाव देतो आणि एक राखून ठेवतो. शिष्य माजलाच आणि भर मैदानात वस्तादाशीच हात मिळवायला आला, तर त्या दिवसासाठी. मराठी मुलखातल्या कुठल्याही तालमीत ही गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच. ऐकायला झकास आहे. पण या राखण्याच्या सवयीपायी किती डाव वस्तादांबरोबर मसणात गेले असतील, याचा विचार गोष्ट सांगणारा करत नाही. मराठीत या सवयीला सर्वांत मोठा छेद दिला तो बडोद्याने. तिथल्या तालमी, एक व्यायाममंदिर, एक मासिक, एक ग्रंथमाला आणि अखेर दहा खंडांचा एक कोश, असा हा शतकभराचा पसारा. संस्था एक नाही, तीन-चार आहेत. पण गाव एक, राजाश्रय एक आणि ओढही एकाच दिशेची, म्हणून त्यांची वाटचाल एकत्र सांगावी लागते.

धाराशिवात बसून बडोद्याचं कशाला लिहायचं, असं कोणी विचारेल. त्याचं कारण आमच्याकडची पोरं आहेत. सकाळची मेहनत उरकली की हौद्याच्या कडेला बसून ती मोबाइलवर 'कॅच रेसलिंग' शोधतात. ही इंग्लंडच्या लँकेशायर भागातली, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली जुनी कुस्ती. पूर्ण नाव 'कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन'. जिथे हाताला लागेल तिथे धरा, असा तिचा खुला कारभार. समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवून जिंकता येतं, नाहीतर सांधा पिळून त्याच्याकडून कबुली घेऊनही जिंकता येतं. ऑलिंपिकमधली आजची फ्रीस्टाइल, म्हणजे आपण जिला मॅटवरची कुस्ती म्हणतो ती, याच कुस्तीची पुढची पिढी. फक्त सांधे पिळण्याचा भाग तिने टाकून दिला. हा टाकलेला भाग शिकवणारे व्हिडिओ आता ढिगाने मिळतात, पुस्तकं मिळतात, पैसे भरून घ्यायचे वर्गही मिळतात. पोरं विचारतात, यातलं घ्यायचं काय? हा प्रश्न नवा वाटतो, पण बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी तो आपल्या परीने सोडवला होता. डाव कागदावर आणायचा तर त्यातलं काय दाखवायचं आणि काय सांगायचं, हाच तो प्रश्न.

दुसरं कारण शेजारधर्माचं. बडोद्याने छापलेल्या मल्लविद्येच्या मजकुरांपैकी एक फार जुना मजकूर आमच्या अंगणातला आहे. उमरगा सोडून कर्नाटकाची हद्द ओलांडली की तासाभरात बसवकल्याण येतं. तेच कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव. तिथे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. 'भूलोकमल्ल' हे त्याचं बिरुद. त्याच्या नावावरच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात स्वयंपाकापासून हत्तींच्या साठमारीपर्यंत राजाच्या जगण्यातलं सगळं येतं आणि त्यात 'मल्लविनोद' हे प्रकरणही येतं. मल्लांच्या वयाच्या आणि बळाच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत हे सगळं तिथे पद्धतशीर मांडलेलं आहे. मेहनतीचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत: ओझ्याचा, चालण्याचा, पाण्यातला, बाहूंचा आणि खांबावरचा. शेवटच्याला ग्रंथ 'स्तंभश्रम' म्हणतो. मल्लखांबाच्या इतिहासात पहिला उल्लेख म्हणून याच शब्दाकडे बोट दाखवलं जातं. आजच्या प्रशिक्षण केंद्रातला तक्ता याहून फारसा वेगळा नसतो, नावं तेवढी इंग्रजी.

हा ग्रंथ छापून निघाला बडोद्यात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी त्याचं संपादन केलं आणि १९२५, १९३९ आणि १९६१ असे तीन भाग आले. आठशे वर्षांपूर्वी आमच्या दारात लिहिलेलं आम्हाला गुजरातेतून परत मिळालं. याला योगायोग म्हणवत नाही, कारण त्या गावाला कुस्तीचं वेडच होतं.

वेड लावलं खंडेराव गायकवाडांनी. १८५६ ते १८७० हा त्यांचा राज्यकाळ. महाराज स्वतः लंगोट लावून उतरणारे; पैलवानांवर दौलतीतून किती उधळलं याच्या कहाण्या बडोद्यात अजून चालतात. उत्तरेतले, पंजाबातले, दक्षिणेतले मल्ल त्या दरबाराकडे वळले. जेठीमल्ल म्हणून ओळखली जाणारी गुजरातेतली ब्राह्मण मल्लांची जातही तिथेच आश्रयाला होती. गावाचा हा लौकिक पुढे टिकला. बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलला, असा लेख त्यावर कोरलेला आहे. वजन १२०० किलो सांगतात. एवढं वजन माणसाने जमिनीवरून कसं हलवलं असेल, याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. दगड पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्या असतात आणि त्या बोलून दाखवल्या की रखवालदार नाराज होतो.

दगड उचलल्याची नोंद होते, पण दगड कसा उचलायचा हे त्यावर लिहिलेलं नसतं. तो 'कसा' शिकवण्याचं काम वेगळ्या मंडळींनी केलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुम्मादादा नावाच्या वस्तादांची तालीम बडोद्यात होती. जुम्मादादा मुसलमान; त्यांच्या पश्चात तालीम चालवली ती गजानन यशवंत ऊर्फ प्रोफेसर माणिकराव या मराठी शिष्याने, आणि गुरूचं नाव संस्थेला कायम ठेवलं: जुम्मादादा व्यायाम मंदिर. माणिकराव आजन्म ब्रह्मचारी राहिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना 'राजरत्न' केलं. १९५४ साली ते वारले तोवर ही संस्था त्यांचा प्रपंच होती. कुस्ती, मल्लखांब, लाठी, शस्त्रांचे हात; शिवाय मोडलेलं, निखळलेलं हाड बसवण्याचं काम. हे शेवटचं महत्त्वाचं. सांधा कुठपर्यंत जातो आणि कुठे निखळतो हे ज्याला बोटांनी ठाऊक आहे, तो डाव शिकवताना वेगळं शिकवतो.

माणिकरावांनी आणखी एक गोष्ट केली. एका वेळी शेकडो मुलांकडून व्यायाम करून घ्यायचा तर हुकूम देशी भाषेत हवेत, म्हणून त्यांनी हिंदी आज्ञा बसवल्या. आज शाळेच्या मैदानावर 'सावधान-विश्राम' ऐकताना त्यामागे कोणाची तालीम होती हे कोणाला आठवत नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की एका शिष्याच्या कानात सांगायची विद्या इथे पहिल्यांदा शंभरांच्या रांगेला सांगता येईल अशा शब्दांत बसवली गेली. त्यासाठी क्रियेचे तुकडे पाडावे लागतात, तुकड्यांना नावं द्यावी लागतात. एकदा नावं पडली की ती छापता येतात.

या मंदिरात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्याने लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि १९२४ पासून 'योगमीमांसा' हे त्रैमासिक चालवलं. आसनं आणि क्रिया प्रयोगशाळेत तपासून, मोजून छापायच्या, हा त्याचा बाणा. बडोद्याचा संस्कार योगाकडे गेला तर काय होतं याचा तो नमुना. पण तो आपला विषय नाही.

कुस्तीला ज्यांनी कागदावर आणलं ते दत्तात्रय चिंतामण मुजुमदार. त्यांनी 'व्यायाम' मासिक चालवलं आणि त्या अनुभवावर 'व्यायाम ज्ञानकोश' हाती घेतला. पहिला खंड १९३६ साली आला, दहावा १९४९ साली. तेरा वर्षं. मध्ये एक महायुद्ध, कागदाची टंचाई, स्वातंत्र्य, आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं ते सयाजीराव १९३९ सालीच गेलेले. तरी दहा खंड पुरे झाले. मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे, ज्ञानकोशकार केतकरांनी ती मोठी करून ठेवली. पण अंगमेहनतीच्या विद्येसाठी एवढा खटाटोप दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, आसनं, देशी खेळ हे सगळं चित्रांसह, छायाचित्रांसह. १९५० साली याच सामग्रीवर इंग्रजीत एक जाडजूड खंड निघाला आणि परदेशातले अभ्यासक आजही भारतीय कुस्तीवर लिहिताना त्याच खंडाला हात घालतात.

आमच्याकडे मात्र हे सगळं उशिरा पोचलं. पहिला खंड निघाला तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, निजामाच्या राज्यात होतं. सभेपासून आखाड्यापर्यंत परवानगीचे नियम होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं आणि पुढच्याच वर्षी कोशाचा शेवटचा खंड आला. तोवर या भागातल्या पैलवानांसाठी ग्रंथ म्हणजे वस्तादाची जीभ. त्यातूनही माणसं घडली. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यामुळे ती गदा त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याचीच. लातूरकर हे ऐकून हसतील, हसू देत.

बडोद्यातली छपाई कोशापाशी थांबली नाही. १९६४ साली गायकवाड ग्रंथमालेत 'मल्लपुराण' आलं. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता हे संपादक. जेठीमल्लांचं हे पुराण. डाव, मेहनत आणि आखाड्याची व्यवस्था त्यांच्या जातीच्या इतिहासात गुंफलेली. ज्या मल्लांना खंडेरावांच्या वेळी दरबाराचा आश्रय होता, त्यांचा ग्रंथही अखेर त्याच गावात छापून आला.

आता पलीकडच्या बाजूला पाहू, कारण पोरांना हवी आहे ती विद्या तिकडची आहे. पश्चिमेत छपाई आधीच धंद्याला लागली होती. इस्टोनियात जन्मलेला जॉर्ज हॅकेनश्मिट हा त्या काळचा जगज्जेता. त्याचं कुस्तीच्या शास्त्रावरचं पुस्तक १९०९ सालचं. अमेरिकेतल्या आयोवाचा मार्टिन 'फार्मर' बर्न्स, वीस इंची मानेसाठी प्रसिद्ध असलेला वस्ताद, त्याने १९१० च्या दशकात टपालाने कुस्ती शिकवायला सुरुवात केली. पैसे पाठवा, घरी धडे येतील. आजच्या ऑनलाइन वर्गाचा हा पणजोबा. त्याचा शिष्य फ्रँक गॉच. त्याने हॅकेनश्मिटला १९०८ आणि १९११ मध्ये दोनदा हरवलं, त्यामुळे बर्न्सच्या धड्यांना खप कमी पडला नसावा.

आणि याच वेळी दोन्ही विद्या समोरासमोर आल्या. १९१० साली गामा लंडनला गेला. तिथल्या लढती कॅचच्या नियमांच्या. ऑगस्टमध्ये अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रोलर याला त्याने दोनदा पाडलं, पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत. सप्टेंबरमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. हा गडी पोटावर पडून मॅटला असा चिकटला, की जवळपास तीन तास उलटूनही कुस्ती निकाली झाली नाही. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या लढतीला तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळात पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. दोन्ही वेळा माणसं तीच. एक मोठा फरक असा, की पतियाळात मॅट नव्हती, माती होती. पायाखाली काय आहे याला डाव शिकवणारी बहुतेक पुस्तकं एक ओळही देत नाहीत.

मातीतून मॅटवर जाणं किती अवघड, हे खाशाबा जाधवांनाही लंडनलाच कळलं. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना शिकवलं. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य. त्याच १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून कारेल इस्ताझ नावाचा मल्ल उतरला होता. तो पुढे विगन गावी बिली रायलीच्या तालमीत गेला, कॅच शिकला आणि कार्ल गॉच या नावाने गाजला. रायलीची तालीम म्हणजे खाणकामगारांच्या वस्तीतली साधी शेड. लोक तिला 'स्नेक पिट' म्हणत. या गॉचने आपली मेहनत कोणती ठेवली? जोर, बैठका आणि मुदगल. जपानात त्याने शिकवलेल्यांपैकी अंतोनियो इनोकीने १९७६ साली कराचीत गामाच्या पुतण्याचा, अक्रमचा, हात पिळून निकामी केला आणि डॉक्टरांना कुस्ती थांबवावी लागली. तेव्हा आमच्या पोरांना जे 'तिकडचं' वाटतं त्यात इकडचं बरंच मिसळलेलं आहे, आणि निवड करताना याचा उपयोग होतो.

तो असा. कॅचमध्ये पाठ टेकली की हार, आपल्याकडेही पाठ टेकली की हार. म्हणून दोन्हीकडे खाली गेलेला गडी पोटावर किंवा गुडघ्यांवर येतो, आणि वरचा सवारी भरतो, घिस्सा लावतो, हप्ते भरतो. ब्राझिलियन जिउजित्सूत असं नाही. तिथे पाठीवर पडून पायांनी लढणं ही विद्या आहे. आता 'कॅच' अशी पाटी लावलेला व्हिडिओ उघडा. शिकवणारा खुशाल पाठीवर पडून डाव सांगत असेल तर पाटी चुकीची आहे. जिउजित्सू वाईट म्हणून हे सांगत नाही. पण मातीतल्या पोराने ती सवय उचलली तर यात्रेतल्या कुस्तीत हलगी बंद व्हायच्या आत तो चीत होईल. पाट्यांचा घोळ नावांतही आहे. कॅचवाले ज्याला दुहेरी मनगटी कुलूप म्हणतात, तोच डाव जिउजित्सूवाले 'किमुरा' म्हणतात, कारण मासाहिको किमुराने १९५१ साली ब्राझीलमध्ये एलिओ ग्रेसीला त्यात अडकवलं. त्यामुळे एकच डाव दोन नावांनी दोनदा विकत घेणारे भेटतात.

हाच डाव जवळून पाहू. समोरच्याचं डावं मनगट आपल्या उजव्या हाताने धरायचं. आपला डावा हात त्याच्या दंडावरून घालून आतून काढायचा आणि आपलंच उजवं मनगट पकडायचं. त्याचं कोपर काटकोनात मुडपलेलं राहिलं पाहिजे. मग त्याचा दंड छातीशी घट्ट दाबून मनगट त्याच्या पाठीकडे वर न्यायचं. ताकद लागते ती धडाची. दुखतं ते खांद्यात. एवढं कोणताही व्हिडिओ दाखवतो. पण समोरच्याने स्वतःचा लांघा घट्ट धरून ठेवला तर? हात सरळ केला तर? ज्या दिशेला पिळतोय त्याच दिशेला तो गरकन फिरला तर? इथे नव्वद टक्के व्हिडिओ संपतात. समोर उभा केलेला गडी पुतळ्यासारखा हात देऊन उभा राहतो, शिकवणारा तोंडभर हसतो आणि पुढचा डाव सुरू होतो.

तालमीत डावाबरोबर तोड शिकवतात. तोड नसलेला डाव वस्ताद डाव मानतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी झाली. त्या वर्षी कुस्तीच्या दोन परिषदांनी दोन स्पर्धा भरवल्या होत्या, त्यातली ही दुसरी. पहिली दहाच दिवस आधी पुण्याजवळ फुलगावला झाली आणि तिथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं होतं. धाराशिवच्या अंतिम लढतीत शिवराजसमोर हर्षवर्धन सदगीर आला. दोघेही वस्ताद काका पवारांच्या तालमीतले. एकमेकांचा डाव, तोड आणि तोडीची तोड दोघांनाही पाठ. अशा लढतीत प्रेक्षकाला काही घडत नाहीसं वाटतं, आणि घडतं ते सगळं दस्तीत, मानेवरच्या हातात आणि पाऊल अर्धा फूट पुढे-मागे ठेवण्यात. शिवराजने ती जिंकली. ज्या व्हिडिओत ही खडाखडी दाखवलेली नसते, डाव थेट मधूनच सुरू होतो, तो पाहायला छान असतो, शिकायला निरुपयोगी.

पुस्तकांचं म्हणाल तर आधी इतिहास आणि शिकवणी वेगळी करावी. कॅचवरची नावाजलेली काही पुस्तकं जुन्या पैलवानांच्या हकिकती आहेत; वाचायला रसाळ, पण हाताला काही लागत नाही. रायलीचा शिष्य बिली रॉबिन्सन याचं २०१२ चं आत्मचरित्र त्यातल्या त्यात वेगळं, कारण विगनच्या तालमीत चूक कशी सुधारली जायची हे त्यात सापडतं. बर्न्सचे धडे, हॅकेनश्मिटचं पुस्तक, त्या काळातल्या छोट्या पुस्तिका यांना शंभर वर्षं उलटून गेली. त्या फुकट वाचता येतात. त्याच नवीन वेष्टनात घालून डॉलरमध्ये विकणारेही आहेत, तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी मूळ साल पाहावं. जुन्या छायाचित्रांत गडी कॅमेऱ्यासाठी गोठून उभे असतात. त्यांचे पाय पाहावेत, हात नंतर. आणि 'व्यायाम ज्ञानकोश'. जुन्या वाचनालयांत खंड आहेत, काही आता संगणकावरही उघडतात. बर्न्स वाचून झाल्यावर कोशातली कुस्ती काढली, की मराठीत नावं असलेले डाव शेजारी ठेवता येतात आणि पोराला कळतं, की अर्धं सामान घरातच होतं.

एका गोष्टीत मात्र कोश उपयोगाचा नाही, वस्तादही नाही, आणि इथे मी आग्रही आहे. कॅचमध्ये सांधा पिळला की समोरचा थाप मारतो आणि धरणारा त्या क्षणी सोडतो. आपल्या तालमीत थाप नाही. मान मोडायला आली तरी पाठ द्यायची नाही, कळ काढायची, हेच लहानपणापासून अंगात भिनवलेलं. हाच गुण इथे घात करतो. मान आवळण्याचे डाव आणि टाचेचे डाव यांत दुखायला लागण्याआधीच इजा झालेली असते. फ्रीस्टाइलमध्ये हात पाठीमागे काटकोनापलीकडे नेण्याला बंदी आहे, ती उगाच नाही. शिवाय जिल्हा निवड चाचणीत पोराने चुकून असा डाव लावला तर पंच त्यालाच दंड करतील. म्हणून जो व्हिडिओ पहिल्या धड्यात थाप कधी मारायची आणि पकड किती हळू घट्ट करायची हे शिकवत नाही, तो शिकवणारा कितीही नामांकित असो, बाजूला ठेवावा. मानेचे डाव तर विशीच्या आतल्या पोरांना दाखवूच नयेत. माणिकरावांच्या मंदिरात डाव आणि हाड बसवणं एकाच छपराखाली होतं. आमच्याकडे हाडाचा डॉक्टर गाठायचा तर बऱ्याच गावांना धाराशिव किंवा सोलापूर करावं लागतं.

राहिला प्रश्न इकडच्या विद्येचा. बडोद्याने लिहून, चित्रं काढून, फोटो घेऊन जे केलं ते आता खिशातल्या यंत्रात होतं. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर या पट्ट्यात सत्तरी ओलांडलेले वस्ताद आहेत. ढाक, निकाल, कलाजंग लावण्याची त्यांची हातोटी त्यांच्या अंगात आहे, कुठे छापलेली नाही. दुसऱ्यांचे व्हिडिओ निवडणाऱ्या पोरांनी यांचे व्हिडिओ काढायला हरकत नाही. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, पावलं चौकटीत. हलगीचं संगीत मागे लावू नये, वस्तादांचा आवाज हवा. डाव आधी खडाखडीपासून पूर्ण वेगात, मग सावकाश, मग मागच्या बाजूने. समोर उभा राहणारा गडी वजनाने जोडीचा असावा आणि त्याला खरोखर विरोध करायला सांगावं. माती ओली होती की भुसभुशीत, तेही शेवटी बोलून घ्यावं.